चांदा पाहायला गेलो त्याची गोष्ट

आम्ही चिमूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. रेडिओवर आम्ही याआधी दोनदा बोललो, एकदा परसबागेवर आणि एकदा कर्जाच्या हप्त्यांवर. आज फिरायला गेलो त्याबद्दल बोलणार आहोत. ऐकून काही जणी म्हणतील, या बायांना कामं नाहीत का? कामं आहेत. कामं करूनच गेलो होतो.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो. आमच्यातली एक ताडोबाच्या कोलारा गेटजवळ एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला जाते. तिथं पुण्या-मुंबईची माणसं येतात, परदेशातली येतात, पहाटे जिप्सीत बसून वाघ पाहायला जातात. एकदा एका पाहुण्या बाईनं तिला विचारलं, "तुमच्या जिल्ह्यात वाघाशिवाय आणखी काय पाहण्यासारखं आहे?" आमची बाई गप्प झाली. तिला काही सांगताच आलं नाही. पुढच्या बैठकीत तिनं ही गोष्ट काढली आणि म्हणाली, "सारी दुनिया आपल्याकडं फिरायला येते, अन् आपण कुठंच जात नाही."

मग आम्ही तिथंच हिशेब केला. आम्ही बारा जणी. त्यातल्या अकरा जणी चंद्रपूरला कधी ना कधी गेलेल्या. कशाला गेलात? दवाखान्यात. कलेक्टर ऑफिसात. कोर्टाच्या तारखेला. बहिणीच्या बाळंतपणाला. शहर पाहायला म्हणून एकही गेली नव्हती. आमच्या आत्याबाई सगळ्यांत मोठ्या, वय पंच्याहत्तरीच्या पुढं. त्या लहानपणी आईच्या मांडीवर बसून बैलगाडीनं महाकालीच्या यात्रेला गेल्या होत्या. त्यांना फक्त नदीतली आंघोळ आठवत होती. त्या म्हणाल्या, "मरायच्या आधी एकदा चांदा पाहू द्या मले." आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया अजून चंद्रपूरला चांदाच म्हणतात.

झालं, ठरलं. आता घरच्यांचं ऐका. एका घरी नवरा म्हणाला, "दगडाच्या भिंती पाहून काय मिळते?" दुसऱ्या घरी सासू म्हणाली, "देवाला जाता तर जा, फिरायला कायले जाता?" म्हणून आम्ही सगळीकडं महाकालीचं नाव सांगितलं. खोटं नव्हतं, महाकालीला जाणारच होतो. पण पूर्ण खरंही नव्हतं, हे इथं कबूल करतो.

पैशाचा वाद मात्र आमच्यातच झाला. दोघी म्हणाल्या, गटाच्या बचतीतून काढू. बाकीच्यांनी नाही म्हटलं. गटाचा पैसा अडल्या-नडल्याचा आहे, त्याला फिरण्यासाठी हात लावायचा नाही. मग वेगळा डबा केला. दर आठवड्याला प्रत्येकीनं दहा रुपये टाकायचे. आषाढात सुरू केलं ते पौषापर्यंत. सव्वीस आठवड्यांत प्रत्येकीचे २६० रुपये झाले. पौष यासाठी निवडला की धान घरात आलं होतं, हरभरा अजून वावरात उभा होता आणि कापसाची एक वेचणी दोन दिवस पुढं ढकलता येत होती. शिवाय चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या वर जातो. चैत्रात महाकालीची मोठी यात्रा भरते, नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून माणूस लोटतो. यात्रेची मजा वेगळी, पण शहर पाहायचं असेल तर तेव्हा जाऊ नका.

पहिल्या गाडीनं निघायचं म्हणजे अंधारात थांब्यावर जायचं, आणि आमच्याकडं अंधारात वाघ असतो. ही थट्टा नाही. आम्ही एकीच्या अंगणात जमलो, बॅटऱ्या घेतल्या, दोघींची मुलं काठ्या घेऊन सोबत आली आणि मोठमोठ्यानं बोलत थांब्यापर्यंत गेलो. एकीनंही एकटीनं जायचं नाही हा नियम आम्ही आजही पाळतो.

एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. राज्याच्या हद्दीत एसटीच्या सगळ्या गाड्यांत ते चालतं. पंच्याहत्तर वर्षांवरच्यांना तिकीटच नाही, फक्त ओळखपत्र दाखवावं लागतं. आत्याबाईंनी आधार कार्ड रुमालात बांधून कनवटीला खोचलं होतं. कंडक्टरनं मागितल्यावर गाठ सोडायला इतका वेळ लागला की तो हसून म्हणाला, "राहू द्या आजी, उतरताना दाखवा." त्यांनी ऐकलं नाही, काढून दाखवलंच.

चिमूर ते चंद्रपूर जवळपास शंभर किलोमीटर, वरोरा आणि भद्रावतीवरून. भद्रावतीला विजासनची जुनी बौद्ध लेणी आहेत, भद्रनागाचं देऊळ आहे, जैनांचं मोठं मंदिर आहे. पण एका दिवसात दोन गावं पाहायला गेलं की एकही नीट पाहून होत नाही. ते आम्ही पुढच्या खेपेला ठेवलं.

आमच्यातल्या एकीची मुलगी नागपूरला इतिहास शिकते. ती सुट्टीत आलेली होती, तिला सोबत घेतलं. तिनं गाडीतच आम्हाला एक गोष्ट पाठ करायला लावली, आणि त्या दिवशी ती फार कामाला आली. जुनं चंद्रपूर कोटाच्या आत आहे. कोटाला चार दरवाजे. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. आणि पाच लहान वाटा, त्यांना खिडक्या म्हणतात: चोर खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, मसाण खिडकी, बगड खिडकी. ती म्हणाली, दुकानांच्या पाट्या आणि चौक विसरलात तरी चालेल, दरवाज्यांची नावं विसरू नका. चुकलात तर कुणालाही विचारा, अंचलेश्वर गेट कुठं आहे, आणि तिथं जाऊन थांबा. बाकीच्या तिथंच येतील.

बसस्थानकावरून आम्ही जटपुरा गेटपर्यंत पायी गेलो. सकाळची वेळ, तरी गाड्यांची ही गर्दी. आता दरवाज्यातून स्कूटर, रिक्षा, भाजीच्या हातगाड्या सारं जातं. आजवर आम्हीही त्यातून गेलो होतो, तोंडाला पदर लावून, दवाखान्याची फाईल हातात धरून. वर मान करून कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बाजूला उभं राहून पाहिलं. दगडात सिंह कोरलेला आहे, आणि त्याच्या पंजाखाली हत्ती. इतका मोठा हत्ती आणि सिंहापुढं मांजराएवढा. मुलीनं सांगितलं, हे गोंड राजांचं चिन्ह. आमच्या गटात तिघी गोंड आहेत. त्यातली एक बराच वेळ तिथून हललीच नाही. मग म्हणाली, "शाळेत आमाले हे कोणी सांगितलंच नाही." तिच्या माहेरचे लोक आम्ही राज्य करणारे होतो असं म्हणायचे आणि गावात त्याची टवाळी व्हायची. त्या टवाळीत आम्हीही असू, आता नेमकं आठवत नाही.

हे शहर वसलं कसं, त्याची कथा मुलीनं तिथंच दरवाज्याच्या सावलीत सांगितली. आधी गोंड राजांची राजधानी बल्लारपूरला होती. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळ शाह नावाचा राजा झाला. त्याच्या अंगावर गाठी होत्या, कशानं बऱ्या होत नव्हत्या. राणी त्याची सेवा करायची. एक दिवस शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खड्ड्यातलं पाणी प्याला, तोंड धुतलं. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि सकाळी पाहतात तर गाठी गेलेल्या. राणीनं जागा शोधून काढली, तिथं अंचलेश्वराचं देऊळ झालं. पुढं तिथंच राजाला एक नवल दिसलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागं लागला होता! कुत्रा पुढं, ससा मागं, असे ते गोल फिरले. राजानं घरी येऊन राणीला सांगितलं. राणी म्हणाली, ज्या जमिनीत ससा कुत्र्याला पळवतो ती जमीन साधी नाही, सशाच्या वाटेवर कोट बांधा आणि शहर वसवा.

कथा आहे, कथेसारखीच ऐकायची. पण आत्याबाईंना राणीचा सल्ला एकदम पटला. म्हणाल्या, "बाईचं ऐकलं म्हणून एवढं मोठं गाव झालं." कोट काही एका राजाच्या हयातीत झाला नाही, पिढ्या लागल्या. पुढं १७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांनी घेतलं आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला जिंकला. कोट मात्र राहिला. मधे त्याच्यावर झाडं उगवली होती, रान माजलं होतं. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी श्रमदान करून तो साफ केला. कुदळी-फावडी घेऊन रोज सकाळी यायचे म्हणे. आता कितीतरी ठिकाणी बुरूज उघडे दिसतात आणि वरून चालताही येतं. आम्ही थोडं चाललो. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांच्या भानगडीत पडू नका, खालूनही कोट छान दिसतो.

मुलगी म्हणाली, युरोपात ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना, तिलाही असाच कोट होता. १८५७ मध्ये तिथल्या बादशहानं तो पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागेवर गोल रस्ता बांधला. रस्ता फार सुंदर आहे, जगभरचे लोक पाहायला जातात, ट्राममध्ये बसून चक्कर मारतात. पण कोट गेला. आमच्यातली एक लगेच म्हणाली, "मग ते लोक आपल्याकडं यायला पाहिजेत, आपला शाबूत आहे." शाबूत म्हणजे तसा अर्धामुर्धा. कुठं घरं टेकली आहेत, कुठं कचरा टाकला आहे. रिसॉर्टवालीनं तेवढ्यात फोनवर दरवाज्याचा फोटो काढून घेतला, त्या पाहुण्या बाईला दाखवायला.

पुढं जिल्हा कारागृह लागतं. आत जाता येत नाही. बाहेरूनच हात जोडले. १८५८ साली, २१ ऑक्टोबरला, इंग्रजांनी इथं बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली. तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं. चिमूरच्या बायांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १६ ऑगस्ट १९४२ आपल्या गावानं पाहिलं आहे, त्यात आपल्या आज्यांनी काय भोगलं ते अजून घरोघरी दबक्या आवाजात सांगतात. आम्ही तिथं जास्त बोललो नाही.

आता घोटाळा सांगतो. गांधी चौकात आम्ही ऑटो केले. आधी एका किराणा दुकानदाराला विचारून घेतलं, अंचलेश्वरपर्यंत माणशी किती घेतात. मगच ऑटोवाल्याशी बोललो. आमची भाजी विकणारी मैत्रीण पुढं झाली आणि पहिल्यानं सांगितलेला भाव निम्म्यावर आणला. तुम्हीही असंच करा, आधी दुकानदाराला विचारा, मग ऑटोवाल्याला. पण भाव करण्याच्या नादात तिसऱ्या ऑटोत कोण बसलं हे कुणी पाहिलं नाही. अंचलेश्वरला उतरून मोजतो तर आम्ही अकराच, मुलगी सोडून दहा. आत्याबाई नाहीत आणि एक धाकटी सून नाही. सुनेचा फोन बंद, चार्जिंग संपलेलं. आत्याबाईंजवळ फोन नाहीच.

बायांनो, त्या पाऊण तासात आमच्या पोटात जे झालं ते सांगता येत नाही. घरी काय सांगायचं? "देवाला जातो म्हणून गेल्या आणि म्हातारी हरवून आल्या." पुन्हा कुणी आम्हाला शिवारापलीकडं पाठवलं नसतं. एक रडायलाच लागली. दुसरी म्हणाली, पोलिसात जाऊ. मुलगी म्हणाली, ठरलं तसं दरवाज्याखाली थांबायचं, कुणी हलायचं नाही. आम्ही थांबलो. आणि समोरून आत्याबाई आल्या, चालत, हातात चण्याची पुडी! तिसरा ऑटो शेअरचा होता, त्यानं दोघींना पठाणपुरा गेटला नेऊन सोडलं होतं. सून घाबरली. आत्याबाई घाबरल्या नाहीत. वाटेत दिसेल त्याला विचारत गेल्या, "अंचलेश्वर कुठं आलं बाप्पा?" एका पोरानं अर्ध्या वाटेपर्यंत आणून सोडलं. वर आम्हालाच म्हणाल्या, "तुमी कायले रडता? दरवाजा काय पळून जाते?"

तेव्हापासून आमचा नियम असा. दोन-दोन जणींच्या जोड्या करायच्या, उतरताना मोजायचं, आणि प्रत्येकीजवळ दुसरीचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवायचा. कागदाचं चार्जिंग संपत नाही.

अंचलेश्वराच्या देवळाजवळच गोंड राजांच्या समाध्या आहेत. चंद्रपुरात एकच जागा पाहायची झाली तर ही पाहा. आत गेलं की शहराचा आवाज कमी होतो. सगळ्यांत मोठी आणि देखणी समाधी बीर शाह राजाची. ती बांधली त्याच्या राणीनं, हिराईनं. सांगतात की राजा दुसरं लग्न करायला निघाला होता आणि त्या लग्नातच त्याच्या पदरच्या हिरामण नावाच्या माणसानं त्याला मारलं. पहिली राणी हिराई. मुलगा नव्हता. तिनं चंदनखेड्याच्या घराण्यातला राम शाह दत्तक घेतला, तो लहान असेपर्यंत स्वतः राज्य चालवलं, महाकालीचं देऊळ नव्यानं बांधलं आणि नवऱ्याची समाधी उभारली.

यावरून आमच्यात असा वाद पेटला की डबे तिथंच झाडाखाली उघडले, आधी भाकर, मग चर्चा. एक म्हणाली, "दुसरी करायला निघालेल्या नवऱ्यासाठी मी एक वीट नसती रचली." दुसरी म्हणाली, प्रेम असेल बाई. तिसरी, जी स्वतः एकटीनं दोन पोरं वाढवते, ती म्हणाली, "समाधी नवऱ्यासाठी नाही बांधली. लोकांना दाखवायला बांधली, की राज्य कोणाच्या हातात आहे ते पाहून घ्या." मुलगी म्हणाली, यातलं काहीच पुस्तकात लिहिलेलं नाही. आमचं एकमत झालं नाही. घरी परतल्यावरही झालं नाही. तुम्ही जाल तेव्हा तुमच्या गटाचं काय मत पडतं ते आम्हाला कळवा.

गोंड मैत्रीण मात्र या वादात नव्हती. ती समाधीच्या पायरीवर हात ठेवून बसली होती. निघताना तिनं पदरातून तांदळाचे चार दाणे काढून तिथं ठेवले. घरूनच आणले होते.

झरपट ओलांडून महाकालीला गेलो. ओटी भरली. नदीचं पाणी आता आंघोळ करावी असं नाही, आत्याबाईंनी नुसती बोटं बुडवली आणि डोळ्यांना लावली. त्यांना वाईट वाटलं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मग लालपेठला. इथं ऑटो लागतोच, पण टाळू नका. उघड्यावर अखंड दगडाच्या प्रचंड मूर्ती पडल्या आहेत. रायप्पा नावाच्या एका वैश्यानं देऊळ उभारायचं म्हणून त्या घडवून घेतल्या होत्या. देऊळ झालंच नाही. मूर्ती राहिल्या. सगळ्यांत मोठी मूर्ती दहा तोंडांची, आमच्या घरातल्या एका खोलीत मावणार नाही एवढी लांब, जमिनीवर आडवी. आमच्यातल्या चौघी एकदम म्हणाल्या, "हा रावण!" मुलगी हसली. रावण नाही, दुर्गा आहे ती. दहा तोंडं पाहिली की आपल्याला आधी पुरुषच आठवतो.

एक अडचण सांगितलीच पाहिजे, कारण ती सगळ्या बायांची आहे. दिवसभर फिरताना एका ठिकाणच्या शौचालयाला कुलूप होतं आणि चावी कुणाकडं ते कुणालाच माहीत नव्हतं. मग आम्ही पाणी पिणंच कमी केलं, हे चुकीचं आहे. दोघींचं डोकं दुखायला लागलं. आता आम्ही सांगतो ते करा. बसस्थानकावर उतरल्याबरोबर जाऊन घ्या. दुपारी चहाला बसताना सोय असलेलं हॉटेल आधी विचारून मगच आत बसा. चहाचे दहा रुपये जास्त गेले तरी चालतील.

उन्हं कलल्यावर रामाळा तलावाकाठी थोडं बसलो. लांब वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसत होता. पायातल्या चपला काढल्या. कुणी फार बोललं नाही. पैसे मोजले, प्रत्येकीचे थोडे उरले होते, त्याचे घरच्या पोरांसाठी पेढे घेतले. शेवटची गाडी पकडायची नाही, तिच्या आधीची पकडायची, हे ठरवलेलं होतं म्हणून वेळेवर उठलो. रात्री थांब्यावर तीच दोन मुलं बॅटऱ्या घेऊन उभी होती.

आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी नातवंडांना साऱ्या वाड्याला ऐकू जाईल अशी चांद्याची कथा सांगितली. त्यांच्या कथेत कुत्र्याच्या मागं ससा नाही, राणीच लागते. आम्ही दुरुस्त केलं नाही.

डबा पुन्हा सुरू केला आहे. या वेळी दर आठवड्याला पंधरा रुपये. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला जायचं चाललं आहे, महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर. बारा जणींच्या आता सतरा झाल्या आहेत. पाच नव्या आहेत, त्यातली एक त्या दिवशी "कायले जाता" म्हणणारी सासू आहे.